चौथं बाक

शरिफा वारली त्याचा चाळिसावा झाला. सकाळी तिची लुगडी गोरगरिबांना वाटली, एक तेवढं वलणीच्या दोरीवर राहिलं. आणि दुपारी तिच्या नवऱ्याला, कादरला, कळलं, की तिच्याबरोबर घरातलं आणखीही काही गेलं आहे.

झालं असं, की प्रवरेवरच्या नावेचे ठेकेदार काकासाहेब दारात येऊन उभे राहिले. "कादरभाई, नावंची चार बाकं मढवायची हायेत. परवा मामलेदार बघाया येनार. मागल्या साली त्येंची विजार भिजली. यंदाबी भिजली तर ठेका गेला. अन् ठेका गेला तर माझ्या बैलांचा साज तुमाला मिळायचा न्हाई."

"चामडं पान्यात कुजंल. नगरच्या लष्करी लिलावातलं तंबूचं कापड हाय माझ्याकडं. आत काथ्या भरू."

"अन् शिवनीतनं पानी?"

"कादरच्या शिवनीतनं?" कादर हसला.

काकासाहेब गेले आणि ते हसू मावळलं. वीस वर्षं कादर बैलांचे साज शिवत होता. पण पाणी शिरू नये म्हणून शिवण बंद करायची शरिफा, आत चुलीपाशी. नाव मात्र कादरचं झालं होतं. त्यानं शेजारच्या राहीबाईला विचारलं.

"मला काय ठावं? मेन, राळ, जवसाचं तेल असायचं. अन् जुनं लुगडं फाडीत बसायची."

"ते हात पुसायला."

"आसंल. पर वीस वर्सांत एकदाबी आत डोकावला न्हाई व्हय, भाऊ?"

कादर घरी येऊन चुलीपाशी बसला. त्यानं अंदाजानं मेण शिजवलं. पहिला घाणा वाळून तडकला. दुसरा वाळलाच नाही. तिसऱ्यात त्यानं राळ ओंजळभर वाढवली आणि शिवणींवर जाड थर दिला. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागलं. पण ते घरात, सावलीला.

परवाच्या दिवशी नेमकी उघडीप पडली. ऊन असं कडक, की नाव तापली. मामलेदार पलीकडच्या काठावर येणार होते. "सायबाच्या आदी मी बसून बगतो," असं म्हणून काकासाहेब पहिल्या बाकावर बसले. कादर शेजारी उभा राहिला आणि आसाराम नावाड्यानं नाव लोटली.

मध्यावर आल्यावर काकासाहेब हळूच म्हणाले, "कादरभाई, सोडंना."

"कोन?"

"बाक!"

पलीकडं मामलेदार छत्री उघडून उभे होते. काकासाहेबांनी जोर लावला. टर्रकन आवाज आला.

"थांबा, धोतर फाटंल!"

"कंट्रोलच्या दुकानातलं हाय ओ! दोन म्हैने रांगंत हुतो!"

"बसूनच रामराम घाला की," आसाराम म्हणाला.

"बसून ठेका मिळतो व्हय, येड्या? तू नाव हळू ने."

"धार वढतीया, मालक. हळू कशी न्हेऊ?"

कादरनं पिशवीतून चामडं कापायची रापी काढली. "हलू नगा."

"धोतरच कापा, कादरभाई," काकासाहेब डोळे मिटून म्हणाले.

काठ वीस हातांवर, मग दहा हातांवर. नाव डुलत होती आणि कादर धोतर कापत होता. शेवटचा दोरा तुटला, नाव काठाला लागली आणि काकासाहेब ताडकन उठले. उपरणं त्यांनी मागून गुंडाळून घेतलं होतं. रामराम मात्र वाकून घातला नाही.

मामलेदारांनी बाकाकडं पाहिलं. "हे फडकं कशाला चिकटवलंय?"

काकासाहेबांनी उपरणं आणखी घट्ट केलं. मामलेदारांनी नावेतलं पाणी उपसायचा डबा उचलून भरला आणि चारी बाकांवर पाणी ओतलं. तीन बाकांच्या शिवणींनी पाणी प्यायलं. पहिल्या बाकावर, फडक्याखालच्या शिवणीवर, ते तसंच साचून राहिलं. त्यांनी छत्रीचं टोक टोचून पाहिलं.

"हे पक्कं आहे. बाकीच्यांनाही फडकं लावा. पंधरवड्यानं पुन्हा बघतो. तोवर ठेका तुमचा."

कादर त्या फडक्याकडं बघत राहिला. मेणावर धोतर बसलं होतं. शरिफाचं लुगडंही असंच बसत असणार. हात पुसायला ती ते कधीच फाडत नव्हती.

उरलेल्या धोतराचा पंचा करायचा म्हणून काकासाहेबांनी अर्धंच दिलं. ते आणखी दोन बाकांना पुरलं. बाजारात कापड नव्हतं.

"वलनीवर हाय की एक," राहीबाई म्हणाली.

कादरनं शरिफाचं ते लुगडं दोनदा खाली काढलं आणि दोनदा घडी घालून परत ठेवलं. पंधरवडा उद्या संपतो. चौथ्या बाकाची शिवण बंद करायची राहिली आहे.