बिनखिशाचे रशीदभाई

आमच्या कुरखेड्यात रशीदभाई टेलर कॉलेजात जाणाऱ्या पोराच्या पँटला खिसा लावत नाहीत. जास्त पैसे देतो म्हणा, पाया पडतो म्हणा, नाही म्हणजे नाही. बाकी शिलाई अशी की नागपूरच्या शोरूमवाल्यानं येऊन शिकावी. पण हात घालायला जागा म्हणून नाही.

"खिसा म्हंजे भानगड," एवढं बोलून ते कानावरचा खडू काढतात आणि माप घ्यायला लागतात.

भानगड म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा, पुडी खिशात टाकायची आणि दिवसभर गालात धरून बसायचं. आमच्याकडं पाहुण्याला चहाच्या आधी खर्रा विचारतात. रशीदभाईंचं म्हणणं असं, की खिसाच नसला तर पोरगं पुडी ठेवंन कुठी?

पोरगं मोज्यात ठेवतं. पण हे त्यांना कोण सांगणार! त्यांच्या एका गिऱ्हाइकानं तर बसचा पासही मोज्यात ठेवला होता. कंडक्टर म्हणाला, "राहू दे बाबू, लांबूनच दिसला."

दहावीचा निकाल लागला की दुकानात आयांची गर्दी होते. पोरांच्या रेडीमेड जीन्स आणतात, खिसे शिवून बंद करायला. शिलाईवर सल्ला फुकट.

"भाई, पोराले सायन्स देऊ का आर्ट्स?"

"काही बी द्या, बाई. पण मेसचे पैसे पोराच्या हातात नाई, मेसवाल्याले द्या. रूमवर न सांगता जात राहा. अन् पोरगा जेवताना तिखट लागते म्हणून वरडला, तर भाजीले नावं नका ठेवू. त्याचं तोंड उघडून बघा."

मी बाजूला बसून हसायचो. अहो, मी स्वतःच या विषयातला मोठा वक्ता! माझा तुषार दहावी झाला, आता ब्रह्मपुरीला रूम करून अकरावी शिकणार. त्याला मी रोज जेवणानंतर व्यसनावर भाषण द्यायचो. गालात खर्रा धरून. "बेटा, वाईट संगतीला लागू नको" हे वाक्य निम्मं आतच राहायचं.

तुषार शांतपणे म्हणायचा, "बाबा, आधी थुकून या. काही समजून नाई राह्यलं."

मी थुंकून परत येईपर्यंत तो झोपलेला असायचा. असा मी आदर्श बाप.

त्याच्या पँटी शिवायला टाकल्या, तेव्हा माझीही एक कमरेत ढिली करायला दिली. माझी तेवढी लवकर मिळाली. ती घालून थेट पानठेल्यावर गेलो. खर्रा घोटून तयार झाला, पैसे काढायला खिशात हात घातला, तर हात जाईना. दुसऱ्या बाजूनं घातला, तिकडंही तेच. मी आपल्याच मांड्या चाचपत उभा.

"काऊन भाऊ, खाज सुटली का?" ठेलेवाल्यानं विचारलं. सगळे फिदीफिदी हसले.

रशीदभाईंनी माझे दोन्ही खिसे शिवून टाकले होते. मुंगी शिरणार नाही अशी टीप.

माझं डोकंच फिरलं. भर दुपारी दुकान गाठलं. दुपारी ते गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून पडद्यामागं जातात. आम्ही म्हणायचो, म्हातारा झोपा काढते. मी पडदा सारला, "भाई, ही काय मस्करी लावली" म्हणत आत पाऊल टाकलं.

आत त्यांचा मुलगा इमरान बसला होता. काज-बटन तो करतो. तोंडाला कायम रुमाल, कुणाशी बोलणं नाही, म्हणून आम्ही त्याला घमेंडी ठरवलेलं. आज रुमाल खाली होता. ऑपरेशननं गालाची एक बाजू आत गेलेली. तोंड जेमतेम उघडत होतं आणि रशीदभाई छोट्या चमच्यानं त्यात पातळ पेज सोडत होते.

"बस," ते म्हणाले. चमचा थांबला नाही. "लहान होता तवा मी घरी आलो का हा धावत ये. माह्या खिशात हात घाले. गोळी राहे ना त्याच्यासाठी! मंग कालेजात गेला. हात घालाची सवय होतीच. गोळीच्या बाजूले माही पुडी राहे."

इमराननं बापाच्या मनगटावर हात ठेवला. आता पुरे, असा.

मी रशीदभाईंच्या कुर्त्याकडं पाहिलं. इतकी वर्षं रोज बघत होतो, पण त्यालाही खिसा नाही हे कधी दिसलंच नव्हतं. मला रडू आलं.

"तुह्या पोराले खिसा लावून राह्यलो," ते म्हणाले. "मोबाईल ठेवाले लागंन त्याले. तुहा उसवाचा असंन तर कैची तिथी हाये."

कैचीला मी हात लावला नाही.

ब्रह्मपुरीच्या बसमध्ये चढता चढता तुषारनं सवयीनं माझ्या खिशाकडं हात नेला, सुट्या पैशांसाठी. हात अडला. त्यानं टिपेवरून बोट फिरवलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

बाकी सगळं भाषण मी विसरलो होतो. एवढंच म्हणालो, "बेटा, वाईट संगतीला लागू नको."

"आज समजलं, बाबा," तो म्हणाला.