शिशाचा कमरपट्टा

यंदा हाडांच्या तपासणीत आपण सगळ्यांचे डोळे दिपवणार, असं पडदेवाल्या काकूंनी घरभर सांगून ठेवलं होतं. वर्षभर त्यांनी तोंडावर ताबा ठेवला, पायांना सुट्टी दिली नाही आणि बारा किलो वजन झाडून टाकलं. "मांस गेलं, आता नुसतं पोलाद उरलंय," असं त्या गिऱ्हाइकाच्या घरी शिडीवर चढून, पडद्याच्या पिना ओठांत धरून सांगायच्या.

रिपोर्ट आला तो उलटाच. हाडांची घनता मागच्या खेपेपेक्षा बरीच खाली.

मुलाने त्याच संध्याकाळी शिडीला साखळी-कुलूप घातलं. "आई, आता खाली बसून शिव. टांगायला माणूस ठेवू."

"पडद्याची चूण कशी पडलीय ते वरूनच कळतं. तुझ्या माणसाला कळणारे का?"

"त्याची हाडं तरी शाबूत असतील."

काकूंना पडायची भीती नव्हती. भीती निराळीच होती. आज शिडी सुटली की उद्या पिशवी सुटते, मग रस्ता सुटतो, आणि शेवटी माणूस खुर्चीत मांडलेली वस्तू होतो. पुसायची, उन्हात ठेवायची, आत आणायची. हे सगळं प्रेमाने करतात, म्हणून वर भांडायचीही सोय नाही.

काकू डॉक्टरकडे गेल्या. काही डॉक्टर अर्धं वाक्य पेशंटशी बोलतात आणि उरलेलं पुढच्याला हाक मारण्यात घालवतात. हा त्यातलाच. "वजन फार उतरलंय, जुन्या आकड्याशी तुलना भरवशाची नाही. वजन तेच असतं तर सांगता आलं असतं. चला, पुढचे कोण?"

बरोबर काका होते. ट्रकच्या वजनकाट्यावर हयात घालवलेला माणूस. बाहेर येताच म्हणाले, "रिकामा ट्रक भरलेल्याशी ताडून कसा बघणार? तू रिकामी गेलीस. आता भरून जा."

"खाऊन?"

"खाऊन वर्ष जाईल. बांधून."

पडदा नीट खाली पडावा म्हणून त्याच्या खालच्या दुमडीत शिशाच्या चकत्या घालतात. त्या काकूंकडे डबाभर. दोघांनी बसून जाड कापडाचा कमरपट्टा शिवला, ओळीने चकत्या भरल्या. पट्टा बांधून काकू वजनकाट्यावर चढल्या आणि काटा मागच्या वर्षीच्या आकड्यावर येऊन थांबला तेव्हा काकांचे डोळे भरून आले. काकूंच्या मनात मात्र भलतंच आलं. हे ओझं आपण इतकी वर्षं अंगावर वागवत होतो, आणि तेव्हा मात्र शिडीला कुणी कुलूप घातलं नव्हतं.

साडीखाली पट्टा बांधून काकू दुसऱ्या तपासणीला गेल्या, बरोबर मुलगाही आला. मशीनवरच्या मुलीने विचारलं, "दागिने काढलेत ना?"

"कानातलंसुद्धा," काकू म्हणाल्या. ते खरंच होतं.

मशीनच्या पडद्यावर कणा उमटला आणि त्यावर आडवी, पांढरीशुभ्र गोलांची रांग. मुलगी खुर्चीतून उठली. "काकू, तुमच्या पोटात नाणी आहेत?"

"नाणी कुठली, शिसं आहे. पडद्याचं."

डॉक्टर आला. आधी हसला, मग त्याला स्वतःचं अर्धं वाक्य आठवलं असावं, कारण पहिल्यांदाच तो खुर्ची ओढून बसला. "मशीनला हाड एकटं दिसत नाही. भोवतीच्या चरबी-मांसातून दिसतं. त्यांचा अंदाज धरून ते बाजूला काढावे लागतात. वजन बरंच बदललं की तो अंदाजच सरकतो. तुमची घट थोडी खरी असेल, थोडी मशीनची. किती कुणाची, ते आज मला सांगता येणार नाही."

"आणि भरून आल्यावर?" काकांनी विचारलं.

"शिशाची घनता कळली. उत्तम आहे." डॉक्टर काकूंकडे वळला. "पट्टा सोडा, आज नव्याने मोजू. वजन आता हलू देऊ नका, वर्षाने याच मशीनवर या."

"वरखाली किती ग्रॅम चालेल?" काकांनी विचारलं.

मुलाने घसा खाकरला. "आणि शिडी?"

डॉक्टरने काकूंना एका पायावर उभं केलं, मग दुसऱ्या. काकू खांबासारख्या उभ्या. "शिडी घरात कोंडून ठेवू नका. पण वर चढतील तेव्हा खाली ती धरायला कुणीतरी हवं."

"मी धरीन," मुलगा ओशाळून म्हणाला.

काकूंनी त्याच्या सुटलेल्या पोटाकडे नीट निरखून पाहिलं. "तूच धर. तू मात्र वजन उतरवू नकोस."