खाडीत सोडलेला चुंबक

"आमच्या पोरीने चुंबक केलाय, चुंबक! बटण दाबलं की चालू, परत दाबलं की बंद! आहे कोणाच्या घरात?" रामाने वरोरच्या बंदरावर हे इतक्या जोरात सांगितलं की घरी अंगणात चहा पिणाऱ्या कल्पिताला ठसका लागला.

तसं खोटं काही नव्हतं. आदल्या संध्याकाळी तीच बापाला समजावत बसली होती. काही अणूंइतका पातळ चुंबक. त्याच्याखाली तसाच पातळ दुसरा थर. त्या थराला विजेचा झटका दिला की तो कूस बदलतो, वीज काढली तरी तसाच राहतो आणि वरच्या चुंबकाला आपल्या तालावर नाचवतो. फक्त हा चुंबक साधी टाचणीसुद्धा उचलत नाही, हे सांगायचं राहून गेलं! मुंबईच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं खपून बनवलेला हा एकुलता एक नमुना आज दुपारच्या गाडीने सुरतला तपासायला न्यायचा होता. ओल लागली की सगळी मेहनत पाण्यात, असं आईलाही तिने बजावलं होतं.

चहा संपवून ती आत गेली, तर टेबलावरचा चुंबकाचा काळा डबा गायब!

"आई, डबा?"

"बाप घेऊन गेला ना तुझा," मालू म्हणाली. "जिव्याचा इंजिनाचा पाना होडीतून खाडीत पडलाय, तो काढायला."

"पाण्यातून?"

"मग पाना काय झाडावर पडलाय? अगं, ऐक तरी!"

ऐकायला कल्पिता होती कुठे? वाळत घातलेले बोंबील चुकवत ती अनवाणी बंदरावर पोचली. ही गर्दी! रामा होडीच्या काठावर उभा राहून दोरी सोडत होता, आणि दोरीच्या टोकाला शिसं बांधलेला तिचा डबा केव्हाच पाण्याखाली गेला होता.

"बाबा, थांब!"

"थांब काय? बटण सापडेना, म्हणून तसाच सोडला. बघ, लागलंय काहीतरी!"

दोरी वर आली. डब्याला एक फाटकं जाळं अडकलं होतं, आणि जाळ्यात जिव्याचा पाना! एकच आरडाओरडा झाला. लोकांनी रामाला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. कल्पिता मात्र वाळूत फतकल मारून बसली. डब्यातून पाणी ठिबकत होतं आणि तिच्या डोळ्यांतूनही.

तेवढ्यात मालू धापा टाकत आली. "हाका मारून घसा सुकला माझा! तुझी चुंबकाची डबी त्यात नाहीच, मी काढून ठेवली. ओल लागायला नको म्हणालीस ना? आपल्या घरात ओल नको ते सगळं कुठे जातं? सुकटीच्या डब्यात!"

"मग ह्याच्यात काय आहे?"

"चिकू. घोलवडचे. तुझ्या सरांना."

कल्पिताने झाकण उघडलं. खारवलेले चिकू! तिच्या जिवात जीव आला. भर बंदरावर तिने आईला कडकडून मिठी मारली.

मग डोळे पुसून तिने सगळ्यांचा गैरसमज दूर करायचं ठरवलं. शेवटी शास्त्रज्ञ ना! "जिव्याकाका, पाना जाळ्यात अडकून आला. चुंबक तर सगळा वेळ आमच्या घरी होता, सुकटीच्या डब्यात!"

जिव्याने एकदा लांबच्या घराकडे बघितलं, एकदा खाडीकडे, आणि हातातला पाना घट्ट धरला.

"अरे बापरे! तिथून खेचला?"