ढगाळ हवेची माशी

येत्या सोमवारी गुडघ्याचं ऑपरेशन, आणि शनिवारी सकाळी व्हर्लिन न्याहारीच्या टेबलावर माश्यांचे सहा डबे मांडून बसला होता. माश्या खऱ्या नव्हेत; गळावर पिसं नि दोरे गुंडाळून बांधलेल्या. वीस हिवाळे खपून त्यानं सहाशेवर बांधल्या होत्या आणि डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: ‘नितळ’, ‘गढूळ’, ‘ढगाळ’, ‘कडक ऊन’. गेल्या चार हिवाळ्यांत मात्र त्याला एकही स्टीलहेड मासा लागला नव्हता.

"डॉक्टर म्हणालाय, यापुढं नदीत उभं राहणं बंद," त्याची बायको लोर्ना अंड्यांची बशी ठेवायला जागा शोधत म्हणाली. "आज एक तरी आण. नाहीतर जन्मभर तुझं रडगाणं मलाच ऐकायचंय!"

डोहावर व्हर्लिन सगळ्यांत आधी पोचला. या नदीची रीत अशी की आधी येईल तो आधी उतरणार, गळाच्या दर फेकीला एक पाऊल प्रवाहाबरोबर खाली सरकणार आणि बाकीचे त्याच्या मागून. पण काठावर घोटाळत बसला, की त्याचा नंबर गेला.

मागोमाग लोर्नाचा भाऊ डेलमर आला, थर्मास काखोटीला मारून.

"वा दाजी, पहिला नंबर! काय लावलंयस?"

"पाणी नितळ आहे. बारीक काळी."

"हं. ऊन येतंय पण. बघ बाबा, मी आपला अडाणी."

झालं! व्हर्लिनच्या डोक्यात किडा शिरला. काळी सोडली, चष्मा चढवला, भडक नारिंगी बांधली. तेवढ्यात ढग आले.

"आता नारिंगी म्हणजे..." डेलमर एवढंच म्हणाला.

व्हर्लिननं जांभळी बांधली. वर कुठंतरी पाऊस झाला असावा, पाणी गढुळलं. जांभळी गेली, मोठी गुलाबी आली, आणि गारठलेल्या बोटांतून सुटून मागच्या झाडात अडकली. ती ओढताना डबे उपडे झाले. ‘ढगाळ’ नि ‘कडक ऊन’ एकाच चिखलात नांदू लागले.

"तू सावकाश कर, दाजी. मी होऊ का तोवर पुढं?"

"हो," दुखऱ्या गुडघ्यांवर रांगत माश्या वेचणारा व्हर्लिन म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

तिसऱ्याच फेकीला डेलमरची काठी वाकली. नऊ पौंडांचा लखलखीत मासा! व्हर्लिनच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"कुठली लावलीस?"

"ही काळी-निळी."

"म्हणजे ढगाळची?"

"कसली ढगाळची! मी हीच एक वापरतो. बारा महिने, सगळ्या पाण्यात."

"मग वीस वर्षं मला ऊन नि ढग कशाला सांगत होतास?"

डेलमर खो खो हसला. "तू काठावर बसल्याशिवाय माझा नंबर कसा लागायचा, दाजी?"

मंगळवारी तो त्याच माशाचा धुरी दिलेला तुकडा घेऊन दवाखान्यात आला. तुकडा चविष्ट होता, म्हणून व्हर्लिनला जास्तच संताप आला.

"डेलमर, माझे सगळे डबे तू घेऊन जा."

"सगळे?" डेलमरचे डोळे चकाकले. अख्ख्या नदीचा त्या डब्यांवर डोळा होता.

"मला आता काय करायचेत? तुझी ती काळी-निळी तेवढी ठेवून जा. आठवण म्हणून."

डेलमरनं ती टोपीवरून काढून दिली आणि व्हर्लिनचं मन बदलायच्या आत निघाला.

"ज्यानं फसवलं त्यालाच दिलेस?" लोर्ना कडाडली. "धन्य आहे तुझी!"

पुढच्या हिवाळ्यात डोहावर पहिला नंबर डेलमरचा होता. सहाही डबे सोबत होते. व्हर्लिन काठावर घडीच्या खुर्चीत बसला होता. डेलमरनं ‘नितळ’चा डबा उघडला.

"ऊन येतंय हं," व्हर्लिन म्हणाला. "बघ बाबा, मी आपला अडाणी."

डेलमरनं आभाळाकडं पाहिलं. डबा मिटला, दुसरा उघडला, मग खिशात चष्मा शोधू लागला. तेवढ्यात नवऱ्याची रबरी विजार छातीपर्यंत चढवून लोर्ना आली. तिच्या दोरीला काळी-निळी होती.

"तू सावकाश कर रे," ती भावाला म्हणाली. "मी होते तोवर पुढं."

चौथ्या फेकीला तिची काठी वाकली नि ती किंचाळली. डेलमर तोंड वासून बघत राहिला. व्हर्लिनही पोट धरून हसला; मग आपल्या कोरड्या बुटांकडं लक्ष गेलं, आणि त्याचं हसू तिथंच विरलं.