दत्ताभाऊंचा स्कोप

आमचे पेणचे शेजारी दत्ताभाऊ बारशाला गेले तरी पाळण्यात वाकून विचारतात, "काय, कुठली लाइन घेणार?" बाळ रडलं, की तेच निकाल देतात, "कॉमर्स."

भाऊंची सगळी नोकरी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत, शिफ्ट करण्यात गेली. निवृत्त झाल्यापासून जगाला त्यांचा एकच प्रश्न असतो, "त्यात स्कोप हाय काय?" आळीतली एक मुलगी गणपतीचे डोळे आखत होती, तिलाही त्यांनी मागून हाच प्रश्न केला. त्या वर्षी एक गणपती तिरळा गेला.

बारावीनंतर माझ्या मुलीने, वैशालीने, पर्यावरणशास्त्राची पदवी घ्यायचं ठरवलं. बातमी भिंतीपलीकडे पोचायचा अवकाश, भाऊ हजर!

"पर्यावरण? ते काय शिकायचं गो? दार उघडलं की समोर हाय!"

"समोरचं बिघडलंय का, ते शिकायचंय, काका."

"बिघडलंय कुठं? आमच्या कंपनीत वास यायचा, पण पगारपण टायमावर यायचा!"

मग कॉम्प्युटर शिकलेला भाचा त्यांनी गडबहून मुद्दाम आणून दाखवला. भाच्याने चहा पिता पिता हळूच मला विचारलं, "तुमच्या ओळखीत कुठं नोकरी हाय काय?"

वैशालीने हवा तोच प्रवेश घेतला. भाऊंनी आमच्याशी बोलणं टाकलं.

पुढच्या वर्षी तिचा वर्ग धरमतरची खाडी बघायला आला. मी पोरांचे डबे घेऊन निघालो, तर त्यांच्या बसमध्ये भाऊ आधीच बसलेले. कुणी बोलावलं नव्हतं. वाटभर त्यांनी पोरांना स्कोप समजावला. खाडीवर उतरले आणि थेट काठापर्यंत चालत गेले.

"तिथं," समोरच्या तिवरांच्या झाडीकडे बोट करून ते म्हणाले, "आमचं भाताचं शेत होतं. बांध फुटला, खारं पाणी शिरलं. आई रोज येऊन बघायची, पाणी हटलं काय. नाय हटलं. मग मी कंपनीत लागलो."

इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो, पण हे मला ठाऊक नव्हतं.

भाऊंनी वैशालीला जवळ बोलावलं. आवाज अगदी खाली गेला होता.

"वैशू, ह्या मातीतलं मीठ निघतं काय गो? परत भात होईल?"

"अजून तिथवर शिकवलं नाही, काका. सरांना विचारते."

"विचार," भाऊ म्हणाले. मग त्यांनी चपला हातात घेतल्या आणि बांध कुठून जायचा, ते तिला दाखवायला चिखलात उतरले.