पानामागचे कोळी

सफरचंदाच्या बागेतली कीड आटोक्यात आली आणि बागवाल्याचा जीव कासावीस झाला. गेला हंगामभर कीडसल्लागार मॅडम दर आठवड्याला यायच्या. पान उलटं करून भिंगातून लाल कोळी शोधायच्या, मग भिंग त्याच्या हातात देऊन दिसले का विचारायच्या. दिसले तरी तो नाही म्हणायचा. त्या पुन्हा दाखवायच्या. बायको गेल्यापासून त्या घरात कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. थोरली बहीण होती, पण ती नुसती बजावायची.

पुढे मॅडमनी लाल कोळ्यांना खाणारे शिकारी कोळी आणून झाडांवर सोडले. शिकाऱ्यांनी काम चोख केलं आणि मॅडमचं येणं थांबलं.

बागवाल्याने न राहवून शेजारच्या बागेतल्या किडलेल्या डहाळ्या आणून आपल्या झाडांना बांधल्या. शिकाऱ्यांनी त्यांचाही फडशा पाडला. तेव्हा त्याने शिकाऱ्यांचाच काटा काढायचं ठरवलं आणि मॅडमनी नको म्हणून सांगितलेलं जालीम औषध फवारलं. शिकारी मेले. लाल कोळी मात्र त्या औषधाला सरावलेले; ते तगले आणि मोकळं रान मिळाल्यासारखे वाढले. त्यात ऊन कोरडं. पानं आधी ठिपक्याठिपक्यांची, मग तांबूस झाली. डहाळ्यांवर जाळी चढली, फळं बोराएवढीच राहिली.

"कीड झाडाला नाही, तुला लागलीय," ताई म्हणाली.

त्याने फोन केला. मॅडम लगेच आल्या. पान उलटून बघितलं, कोणतं औषध मारलं ते विचारलं आणि हे आता आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, वरिष्ठांना पाठवते, असं सांगून निघाल्या. या वेळी भिंगही हातात दिलं नाही.

वरिष्ठ आले, आणि येतच राहिले. त्यांनी फवारणी बंद केली, पाण्याने पानं धुवून घेतली, नवे शिकारी सोडले आणि दर खेपेला चहासोबत आपल्या गुडघेदुखीची कहाणी सांगितली. बागवाला हूं हूं करत रस्त्याकडे बघत बसायचा.

बाग पुन्हा हिरवी झाली, तेव्हा एका दुपारी मॅडमचा फोन आला. रविवारी आलं तर चालेल का, असं विचारत होत्या. इतकं सगळं करून बसलेला माणूस, पण गडबडीत त्याच्या तोंडून नेमकं खरं निघून गेलं.

"पण मॅडम, आता बागेत लाल कोळी औषधालाही उरले नाहीत."



"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या, "म्हणूनच विचारतेय."