चार-दोनला पिवळी चिठ्ठी

"टॉवेल मागच्याच वर्षीचा आहे. लक्षात येतं."

सोसायटीच्या चर्चापानावर कोणीतरी टाकलेल्या या दोन वाक्यांपुढे लियाव तिंग-हुआ चहा गार होईपर्यंत बसून राहिले. खाली फाटकापाशी सातव्या महिन्याची, म्हणजे मेलेले महिनाभर मोकळे सुटतात त्या महिन्याची, टेबलं अजून मांडलेली होती. नूडल्सचे डबे, बिस्किटं, बिअर, प्रत्येक पाकिटात खोचलेली उदबत्ती, आणि पाहुण्यांना तोंड धुवायला बाजूला पाण्याचं घमेलं नि टॉवेल. पाहुणे कोण, हे या महिन्यात तैवानच्या कीलुंगमध्ये कोणी उघड बोलत नाही. 'चांगले भाऊ' म्हणायचं आणि विषय बदलायचा.

लियाव बंदराच्या जकात कचेरीतून निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली, आणि तेव्हापासून या पानाचे नियंत्रक तेच. कचेरीत त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. इथे मात्र जिन्यात लोक थांबवून विचारत, "लियावकाका, असं लिहिलं तर चालेल ना?" ते विचारणं हीच त्यांची खरी पेन्शन होती.

"शिवी कोणीही पकडतो," ते बायकोला सांगत. "सौम्य उद्धटपणा पकडायला माणूस लागतो."

नियम त्यांनीच केले होते. उद्धटपणाला पिवळी चिठ्ठी. तीन चिठ्ठ्या झाल्या की खातं महिनाअखेरपर्यंत बंद. दिलेली चिठ्ठी किंवा लिहिलेला शब्द परत घेता येत नाही. आणि हे सगळं नियंत्रकालाही लागू. शेवटचं कलम त्यांनी निव्वळ लोकांनी कौतुक करावं म्हणून घातलं होतं.

फोन वाजला. सोसायटीच्या अध्यक्षा चुआंगबाई बोलत होत्या.

"लियावसाहेब, वाचलंत का? टॉवेल माझ्या घरचा आहे."

"वाचलं. पण तसं पाहिलं तर त्यात अपशब्द नाही."

"मी पार्किंगवर 'बघा बुवा' एवढंच लिहिलं, तर मला चिठ्ठी. आता हात का आखडला?"

"आखडला नाही हो. मोजतोय."

"मोजत बसा. नाहीतर पान माझ्या भाच्याकडे देते. तो कम्प्युटरमधलाच आहे."

लियावांनी चिठ्ठी देऊन टाकली. पानावर प्रत्येकाचं नाव म्हणजे त्याचा घरनंबर, त्यामुळे चार-दोन या खात्यापुढे पिवळा ठिपका उमटला. खालून लगेच उत्तर आलं, "बरं."

"कोणाला दिलीत?" पेरू चिरता चिरता त्यांच्या बायकोने, लान-फांगने विचारलं.

"चार-दोनला."

सुरी थांबली. "अहो, आपल्याकडे चौथा मजला कुठे आहे?"

नव्हताच. तिथल्या भाषेत चाराचा उच्चार मरणासारखा, म्हणून शहाण्यासुरत्या बिल्डरप्रमाणे यांच्याही बिल्डरने तिसऱ्यानंतर थेट पाचवा मजला बांधला होता. पानाच्या अर्जाचा नमुना मात्र कुठल्या तरी बाहेरच्या कंपनीने बनवला होता आणि त्यात एक ते बारा सगळे मजले होते. वसंतात चाळीस अर्ज एकदम आले तेव्हा लियावांनी ते डोळे मिटून मंजूर केले होते.

"कोणीतरी खोडी काढली असणार," ते म्हणाले.

"असेल. मघाशी लिफ्ट तीन आणि पाचच्या मध्ये थांबली. दार उघडलं, समोर भिंत."

"मग?"

"मग काय, मी नमस्कार केला. तुम्ही चिठ्ठी दिलीत."

लियावांच्या मानेवर गार वारा गेल्यासारखं झालं. पंखा बंद होता. त्यांनी चिठ्ठी पुसायचा प्रयत्न केला, पण कलम त्यांचंच होतं आणि पक्कं होतं. शेवटी लान-फांगने देव्हाऱ्यातल्या कौलाच्या दोन लाकडी फाका आणल्या. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या तर नकार. दोन्ही उताण्या पडल्या तर समोरचा हसतोय असं समजायचं.

"ते वाक्य उद्धट होतं का?" लियावांनी हात जोडून विचारलं.

दोन्ही उताण्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा दोन्ही उताण्या. तिसऱ्यांदाही तेच.

"हसतायत," लान-फांग म्हणाली.

"कोणाला?"

"प्रश्न कोणी विचारला?"

तेव्हा लियावांनी पानावर जाहीर माफी मागितली. 'माझ्या चिठ्ठीमुळे कोणाला वाईट वाटलं असल्यास दिलगीर आहे,' असं लिहून न्यायीपणाने स्वतःलाही एक चिठ्ठी दिली. एव्हाना चार-दोनची बातमी बिल्डिंगभर झाली होती. फाटकापाशी नवा कोरा टॉवेल आला, तोही चुआंगबाईंनीच ठेवला. बिअरचे डबे कोणीतरी एकेक करून उघडून ठेवले. पानावर तर अकरा वर्षांत दिसली नव्हती इतकी सभ्यता नांदू लागली. पार्किंगवरून भांडणारे एकमेकांना 'आपण' म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार-दोनने माफीखाली लिहिलं, "'वाटलं असल्यास' ही माफी नव्हे."

त्याखाली साठ जणांनी अंगठा उचलला. चुआंगबाईंचा पहिला होता. लियावांनी ओठ आवळून स्वतःला दुसरी चिठ्ठी दिली आणि नवी माफी लिहिली, चांगली दीड पानी.

"फार लांब आहे," चार-दोनने लिहिलं.

आता मात्र लियावांचा तोल गेला. "मग मी काय करू? तिकडे येऊन समक्ष मागू?" असं त्यांनी टाइप केलं आणि रागाच्या भरात पाठवलंही.

सगळं पान गार पडलं. सातव्या महिन्यात तिकडे येतो म्हणून कोणी लिहितं का? लान-फांगने धावत जाऊन तीन उदबत्त्या लावल्या. चुआंगबाईंचा फोन आला, पण त्यांच्या आवाजात आता भांडण नव्हतं.

"लियावसाहेब, तो शब्द मागे घ्या."

"मागे घेता येत नाही. कलम आहे."

"मग तिसरी घ्या बाबा. आम्हालाही इथेच राहायचंय."

लियावांनी स्वतःला तिसरी चिठ्ठी दिली. खातं बंद झालं. नियंत्रकाची जागा रिकामी झाली की पान ती आपोआप सर्वांत जुन्या रहिवाशाला देतं. चुआंगबाईंनी भाच्याला सांगून यादी काढायला लावली आणि मग ती कोणी मोठ्याने वाचली नाही. बिल्डिंगला छत्तीस वर्षं झाली होती. चार-दोनने राहायला आल्याचं साल भरलं होतं ते त्याच्याही साठ वर्षं आधीचं. तेव्हा इथे नुसता डोंगर होता, आणि डोंगरावर कोणाला पुरलं होतं ते म्हाताऱ्यांना ठाऊक आहे.

पुढचे दोन दिवस लियाव बायकोच्या फोनवरून पान वाचत बसले. नवा नियंत्रक कमी बोले. तीन वर्षं चाललेलं सायकलींचं भांडण त्याने एका ओळीत मिटवलं. जिन्यात आता लियावांना कोणी थांबवत नव्हतं. घरी येऊन ते जेवले नाहीत. "या वयात माणसाला काहीतरी लागतं गं," एवढंच म्हणाले, आणि लान-फांगला प्रथमच त्यांची दया आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तिच्या खात्यावरून रीतसर अर्ज केला. तीन वाक्यं. मी अकरा वर्षं हे काम केलं. मला ते परत हवं आहे. नवख्याच्या हाती पान देणं कितपत बरं, हे आपणच ठरवावं.

बोट उचलेपर्यंत उत्तर आलं.

"अर्ज मिळाला. तिसरं वाक्य उद्धट आहे. पण जीव तुटून लिहिलेलं दिसतं. एवढ्यावर कारवाई करत नाही. महिना संपला की जाताना पान परत देऊ."

लियावांच्या अंगावर सरसरून काटा आला. मग त्यांनी ते पुन्हा वाचलं, आणि भीतीपेक्षाही वाईट असं काहीतरी त्यांच्या ध्यानात आलं. निकाल बरोबर होता. अकरा वर्षांत त्यांनी हजारो वाक्यं मोजली होती, पण लिहिणाऱ्याचा जीव कधी मोजला नव्हता.

"काय म्हणतात?" लान-फांगने दबक्या आवाजात विचारलं.

"सोडून दिलं म्हणतात."

तिने फोन त्यांच्या हातून घेतला, वाचला, आणि अदबीने उशीवर ठेवला.

"अजून बारा दिवस आहेत ते," ती म्हणाली. "शिकून घ्या."